ट्रेलर-कॅम्परमध्ये रेडिओ स्वच्छ लागण्यासाठी: पत्रा, अँटेना आणि खरखर

ट्रेलरमध्ये रेडिओ नीट लागत नाही म्हटले की बहुतेक जण सर्वांत आधी बूस्टर विकत घेतात. आमचा सल्ला असा की बूस्टर सगळ्यात शेवटी. अँटेनातून जे येते ते बूस्टर मोठे करतो. स्टेशनबरोबर खरखरही येत असेल तर तीही तितकीच मोठी होते आणि पैसे वाया जातात. दोष तीनच ठिकाणी असू शकतो. एक, बाहेरचा पत्रा लहरी आत येऊ देत नाही. दोन, अँटेना, केबल किंवा अर्थिंग (अँटेनाचा पत्र्याशी असलेला जोड) खराब आहे. तीन, ट्रेलरमधलीच विजेची उपकरणे रेडिओच्या पट्ट्यात आवाज सोडत आहेत. तिन्ही थोडेथोडे असतातच, पण एक मुख्य असतो आणि तो अर्ध्या तासात सापडतो. आमच्या मते आजच्या ट्रेलरमध्ये मुख्य दोषी बहुधा तिसरा असतो, आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जाते.

निदान आधी

बॅटरीवर चालणारा एक छोटा रेडिओ घ्या. त्यात मीडियम वेव्ह आणि एफएम दोन्ही हवेत. तो घेऊन ट्रेलरपासून १०-१५ मीटर दूर, उघड्यावर जा. एक कमजोर एफएम स्टेशन, एक कमजोर मीडियम वेव्ह स्टेशन आणि मीडियम वेव्हवरची एक रिकामी जागा (जिथे कोणतेच स्टेशन नाही) अशा तीन जागा लिहून ठेवा. इथे, उघड्यावरच स्टेशन लागत नसेल तर ट्रेलरला दोष देण्यात अर्थ नाही. डोंगराआड एफएम पोहोचतच नाही, तिथे अँटेना उंच नेणे किंवा ट्रेलर दुसरीकडे उभा करणे एवढेच हातात असते.

आता ट्रेलरमधली सगळी वीज बंद करा. बाहेरून येणारी मेनची वायर काढा, इन्व्हर्टर बंद करा, १२ व्होल्ट बॅटरीचा मेन स्विच पाडा. सोलर असेल तर इथे एक गोष्ट हमखास निसटते. पुष्कळ ट्रेलरमध्ये सोलरचा चार्ज कंट्रोलर मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीला जोडलेला असतो. मेन पाडला तरी तो चालूच राहतो. म्हणून पॅनेलवर जाड ताडपत्री टाका, नाहीतर हीच चाचणी अंधार पडल्यावर पुन्हा करा.

सगळे बंद असताना ट्रेलरच्या मध्यभागी बसून त्याच तीन जागा ऐका. बाहेर येणारे स्टेशन आत क्षीण झाले, पण रिकाम्या जागी नुसती मंद सळसळ आहे, तर पत्रा अडवतो आहे. मग एकेक गोष्ट चालू करत जा: आधी मेन स्विच, मग दिवे, पाण्याचा पंप, छताचा पंखा, फ्रिज, शेवटी मेनची वायर आणि तिच्याबरोबर चार्जर. प्रत्येक वेळी रिकाम्या जागेवर कान ठेवा. ज्या बटणाला खरखर, गुणगुण किंवा शिट्टी सुरू झाली ते बटण लिहून ठेवा. एफएमवर मात्र अशी खरखर ऐकू येत नाही. एफएमचा रेडिओ आत आलेल्या रेडिओ लहरीच्या उंचीतले चढउतार कापून टाकतो, त्यामुळे बाधा आली तर कमजोर स्टेशन फक्त सळसळीत बुडते किंवा गायब होते. म्हणून एफएमची चाचणी रिकाम्या जागी न करता कमजोर स्टेशनवरच करा.

भिंतीत बसवलेल्या रेडिओसाठी आणखी एक चाचणी आहे. रेडिओ बाहेर ओढा, मागचा अँटेनाचा प्लग काढा आणि सॉकेटच्या मधल्या भोकात ७५ सेंटीमीटर ते १ मीटर लांबीची साधी तार खोचून तिचे दुसरे टोक खिडकीबाहेर सोडा. ही तार छतावरच्या अँटेनापेक्षा चांगली चालली तर छतावरचा अँटेना, त्याची केबल किंवा त्याचे अर्थिंग गेलेले आहे. रेडिओ शाबूत आहे.

पत्रा काय अडवतो

एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ. तिथे लहरीची लांबी सुमारे ३ मीटर. ट्रेलरची खिडकी मीटरभराची असेल तर तिच्यातून ही लहर बऱ्यापैकी आत शिरते, म्हणून खिडकीजवळ एफएम लागतो आणि दोन पावले आत गेल्यावर जातो. मीडियम वेव्हवर १००० किलोहर्ट्झला लहर ३०० मीटर लांब असते. तिच्या मानाने खिडकी म्हणजे काहीच नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये मीडियम वेव्ह म्हणूनच जवळपास पूर्ण मरते.

फायबरग्लासचे अंग लहरींना अडवत नाही, पण त्याच्या आत उष्णतारोधक म्हणून चकचकीत फॉइल लावलेली असेल किंवा भिंतीत ॲल्युमिनियमचा सांगाडा असेल तर परिणाम पत्र्यासारखाच होतो. खिडकीच्या काचेवरची आरशासारखी चमकणारी फिल्मही धातूची असू शकते. काचेला टेकवलेला रेडिओ बाहेर हातभर अंतरावर नेल्यावर एकदम सुधारला तर ती फिल्मच अडवते आहे, हे समजावे.

अँटेना आणि केबल मल्टिमीटरने तपासणे

केबल रेडिओपासून सोडवा, नाहीतर मोजमाप चुकेल. मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि तीन ठिकाणी पाहा.

प्लगची मधली पिन ते अँटेनाच्या दांड्याचे टोक: १ ओहमच्या आत. जास्त आले किंवा काहीच आले नाही तर तार तुटलेली आहे किंवा बुडाशी गंज आहे.

मधली पिन ते प्लगची बाहेरची बाजू: संपर्क नको. काही किलोओहम दिसले तर केबलमध्ये पाणी शिरले आहे. शून्य दिसले तर कुठेतरी जाळीचा (मधल्या तारेभोवतीच्या विणलेल्या तारांचा) एखादा केस मधल्या तारेला चिकटला आहे. ज्या अँटेनाच्या बुडाशी ॲम्प्लिफायर किंवा कॉइल आहे त्याला हा नियम लागू नाही, तिथे काहीतरी वाचन येणारच.

प्लगची बाहेरची बाजू ते ट्रेलरचा पत्रा: पुन्हा १ ओहमच्या आत. पत्र्याच्या ट्रेलरमध्ये अँटेनाचा दोष सर्वाधिक वेळा इथेच सापडतो. अँटेना रंगाच्या थरावर किंवा रबराच्या वायशरवर बसलेला असतो, वरून घट्ट आणि नीटनेटका दिसतो, पण पत्र्याला त्याचा धातू लागलेलाच नसतो. दांडा हा अँटेनाचा अर्धा भाग आहे, उरलेला अर्धा म्हणजे त्याखालचा पत्रा. तो जोडला नाही तर केबलची जाळीच अँटेनासारखी वागू लागते आणि ती भिंतीतून जिथून जाते तिथल्या वायरींचा सगळा कचरा गोळा करते.

अँटेनाला आत ॲम्प्लिफायर असेल तर त्याला १२ व्होल्ट मिळतात का ते पाहा. रेडिओ बदलताना मागची निळी वायर मोकळी सोडली जाते आणि मग नवा रेडिओ जुन्यापेक्षा वाईट चालतो. रेडिओच्या मागून निळी आणि निळी-पांढरी अशा दोन वायरी येत असतील तर निळी सहसा अँटेनासाठी असते, पण जोडण्याआधी रेडिओ चालू करून मीटरवर खात्री करा.

आता केबलची निवड. एफएमसाठी ४-५ मीटरच्या अंतरात केबल कोणतीही असली तरी फरक नगण्य. आरजी-५८ या नेहमीच्या केबलचे नुकसान १०० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण १६ डेसिबल, म्हणजे ५ मीटरला १ डेसिबलही नाही. मीडियम वेव्हची गोष्ट अगदी वेगळी. तिथे ७५ सेंटीमीटरचा दांडा लहरीच्या मानाने इतका लहान आहे की तो जेमतेम १०-१५ पिकोफॅरडच्या कपॅसिटरसारखा वागतो. आरजी-५८ची स्वतःची कपॅसिटी मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असते. चार मीटर केबल म्हणजे ४०० पिकोफॅरड, आणि दांड्याने पकडलेला बहुतेक सिग्नल रेडिओपर्यंत न पोहोचता केबलमध्येच वाटला जातो. हातात येतो तीसावा-चाळीसावा हिस्सा. गाडीच्या अँटेनाबरोबर येणारी केबल बारीक मधल्या तारेची आणि पोकळ असते ती याच कारणासाठी, तिची कपॅसिटी फार कमी ठेवलेली असते. तेव्हा लांबी वाढवायची असेल तर गाडीच्या अँटेनाचीच एक्स्टेन्शन केबल घ्या, शक्य तितकी आखूड. ती मिळत नसेल तर आरजी-६२, तिला मीटरमागे सुमारे ४४ पिकोफॅरड. छतावर लावलेला नवा अँटेना एफएमवर उत्तम आणि मीडियम वेव्हवर ठार बहिरा निघाला तर आधी केबलचा छाप वाचा.

जुन्या रेडिओंवर अँटेनाच्या सॉकेटजवळ एक बारीक ट्रिमर स्क्रू असतो. केबल बदलली की १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे कमजोर स्टेशन लावून तो स्क्रू सावकाश फिरवा आणि आवाज जिथे सर्वांत मोठा होईल तिथे सोडा. हे दोन मिनिटांचे काम आहे.

छतावर दांडा बसवणे

जागा निवडताना दांडा एसीच्या डब्यापासून, सोलर पॅनेलपासून आणि टीव्हीच्या अँटेनापासून निदान मीटरभर दूर असावा, आणि छताच्या कडेपेक्षा मध्याकडे. सोलरच्या वायरी छतावरून जिथे आत उतरतात तिथून तर नक्की दूर. एफएमला दांड्याची लांबी ७३ ते ७८ सेंटीमीटर बरोबर, हा लहरीचा चौथा भाग. मीडियम वेव्हला जितका लांब तितका चांगला, पण प्रवासात फांद्या आणि कमानी आडव्या येतात, म्हणून बुडाशी स्प्रिंग किंवा मोडता येणारी बिजागरी असलेलाच दांडा घ्या.

लागणारे साहित्य: दांडा आणि बेस, १० सेंटीमीटर चौरस आणि २ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी, दातेरी वायशर, स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट, ब्युटाइल टेप, छताच्या थराला चालणारा सीलंट, आपोआप चिकटून एकजीव होणारी रबर टेप, पॉलिश पेपर.

भोक पाडण्याआधी आतून छताचे कपाट किंवा दिव्याची चौकट उघडून वायरी आणि आडवे दांडे कुठून जातात ते पाहा. बाहेरची वीज काढलेली आणि मेन स्विच पाडलेला असला पाहिजे. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, म्हणजे पाते घसरून आतल्या छतातून खाली येणार नाही. भोक बेसला हवे तेवढेच. पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, वाऱ्याच्या दाबाने दांडा हलला की तो दुमडतो आणि जोड सैल होतो, म्हणून आतून ती ॲल्युमिनियमची पट्टी आधाराला द्या.

भोकाभोवती पत्र्याच्या आतल्या बाजूने बोटभर रुंदीचा गोल पॉलिश पेपरने घासा, रंग आणि प्रायमर दोन्ही जाऊन पांढरा चकचकीत धातू दिसेपर्यंत. दातेरी वायशर त्या धातूवर बसला पाहिजे. ॲल्युमिनियमवर तांब्याची तार थेट आवळू नका. दोन धातूंमध्ये दमट हवेत गंज धरतो आणि वर्षभरात जोड निकामी होतो. कथिलाचा मुलामा असलेला लग (तारेच्या टोकाला लावायची धातूची कडी) लावा आणि जोडावर गंजरोधक ग्रीस द्या. पुन्हा मीटर लावा: १ ओहमच्या आत आले की मगच वरून सील करा. बेसखाली ब्युटाइल टेप, कडेने आणि स्क्रूंवर सीलंट. छत रबराच्या चादरीचे असेल तर साधे सिलिकॉन त्यावर धरत नाही, आणि पेट्रोल किंवा तसल्या द्रावणाने पुसले तर चादर फुगते. त्या छतासाठी बनवलेलाच सीलंट वापरा.

नवे भोक टाळता आले तर फारच चांगले. गॅसच्या फ्रिजची छतावरची जाळी हा केबलसाठी तयार रस्ता आहे. फक्त केबल बर्नरच्या धुराड्याला टेकू देऊ नका, तिथे तिचे आवरण वितळते. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते, केबलवरून आत येत नाही.

छत फायबरग्लासचे किंवा लाकडावर रबर असेल तर

इथे दांड्याला लागणारा उरलेला अर्धा भाग नाही, तो द्यावा लागतो. बेसपासून चार दिशांना ७५-७५ सेंटीमीटरच्या चार तारा किंवा ॲल्युमिनियम टेपच्या पट्ट्या छताच्या आतल्या बाजूने पसरा आणि चारही बेसच्या बाहेरच्या भागाला जोडा. टेपच्या चिकट बाजूतून वीज जात नाही, त्यामुळे जोडावर टेप नुसती चिकटवून भागत नाही. टोक दुमडून धातूवर धातू दाबा. मागच्या शिडीला क्लँप लावून दांडा उभा करण्याची पद्धत सोपी आहे, पण शिडी फायबरग्लासला स्क्रूने लावलेली असते, तिचा चेसिसशी संबंध नसतो. शिडीच्या पायापासून चेसिसपर्यंत रुंद जाळीची पट्टी ओढली तर मीडियम वेव्हलाही फायदा होतो.

फक्त एफएम ऐकायचे असेल तर मात्र यातले काहीच करू नका, कपाटात डायपोल (दोन सारख्या हातांचा तारेचा अँटेना) लावा. भोक नाही, पाण्याची भीती नाही, आणि फॉइल नसलेल्या फायबरग्लासमध्ये तो बाहेरच्या दांड्याइतकाच चालतो. एकूण लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ला मेगाहर्ट्झने भागा. पट्ट्याच्या मध्याला, ९८ मेगाहर्ट्झला, १.४६ मीटर येते, म्हणजे ७३-७३ सेंटीमीटरचे दोन हात. एका हाताला ७५ ओहमच्या केबलची मधली तार सोल्डर करा, दुसऱ्याला जाळी. जोडाजवळच केबलचे तीन-चार वेढे एका फेराइट कोअरमधून (वायरीवरची बाधा अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या रिंगमधून) घ्या, नाहीतर केबल स्वतःच तिसरा हात बनते. दोन्ही हात ताणून टेपने चिकटवा. डायपोल त्याच्या टोकांच्या दिशेने ऐकत नाही, आडवा लावला आणि स्टेशन टोकाच्या दिशेला असेल तर त्याला नव्वद अंशांत फिरवा किंवा उभा लावा. चिकटवण्याआधी हातात धरून फूट-दोन फूट इकडेतिकडे सरकवून पाहा. एफएमच्या लहरी टेकड्या आणि इमारतींवर आपटून येतात आणि एकमेकींना मारतात, त्यामुळे अर्ध्या मीटरच्या फरकाने स्टेशन येते किंवा जाते.

ट्रेलरचीच खरखर

आता त्या यादीकडे वळा, ज्यात बटणांची नावे लिहिली होती.

मेनची वायर लावताच मीडियम वेव्हभर एकसारखी गुणगुण पसरली तर दोषी आहे कन्व्हर्टर-चार्जर. हा मेनच्या विजेचे तुकडे करून १२ व्होल्ट बनवतो आणि त्याचे स्विचिंग मीडियम वेव्हच्या पट्ट्यापर्यंत पोहोचते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ऐकताना चार्जरचा ब्रेकर पाडणे. बॅटरी एक संध्याकाळ सहज काढते. कायमचा उपाय हवा तर चार्जरच्या १२ व्होल्टच्या दोन्ही वायरी, एकत्र, मोठ्या फेराइट रिंगमधून गुंडाळा. दोन्ही एकत्रच का, तर प्लस आणि मायनसचा करंट उलट दिशांनी जातो, एकमेकांचा परिणाम रद्द करतो आणि कोअर भारावत नाही. एकच वायर गुंडाळली तर १०-२० ॲम्पिअरला कोअर संपृक्त होऊन निरुपयोगी ठरतो.

फेराइटबाबत बरेच पैसे वाया जातात, म्हणून हे नीट वाचा. मीडियम वेव्हला वायरीवर एक क्लिप-ऑन कोअर अडकवून काही होत नाही. कोअरमधून वायर एकदा गेली तो एक वेढा, आणि अडवण्याची ताकद वेढ्यांच्या वर्गाने वाढते: तीन वेढ्यांना नऊपट, आठ वेढ्यांना चौसष्टपट. मीडियम वेव्हसाठी ३१ किंवा ७५ क्रमांकाच्या मिश्रणाची, ६ सेंटीमीटरच्या आसपास बाहेरच्या व्यासाची रिंग घ्या आणि ८ ते १२ वेढे द्या. एफएमसाठी ४३ किंवा ३१, आणि वेढे दोन ते चारच. जास्त दिले तर वेढ्यांमधल्याच कपॅसिटीतून आवाज पलीकडे उडी मारतो. क्रमांक न छापलेले, कोणत्याही वायरीवर येणारे कोअर घेण्यात अर्थ नाही. रिंग आवाज करणाऱ्या उपकरणापाशी बसवा, रेडिओपाशी नाही. वायरी उपकरणातून निघाल्यावर ट्रेलरभर फिरतात आणि तेवढी लांबी अँटेनाचे काम करते, ती सुरुवातीलाच तोडायची.

एलईडी दिवे एफएम खाऊन टाकतात. ज्या दिव्यांत नुसते रोध आहेत ते शांत असतात. ज्यांवर १० ते ३० व्होल्ट अशी रुंद मर्यादा लिहिली आहे त्यांत स्विचिंग सर्किट असते. दिवा लावला की कमजोर स्टेशन जाते, बंद केला की येते, इतके हे स्पष्ट दिसते. दिव्याच्या प्लस-मायनसवर, शक्य तितक्या आखूड पायांनी, ०.१ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा आणि वायरींचे दोन-तीन वेढे ४३च्या छोट्या कोअरमधून घ्या. तरीही जात नसेल तर दिवा बदला, त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही. डिमर असेल तर तो पूर्ण उजेडावर ठेवून ऐका. फरक पडला तर दोष डिमरचा आहे.

सोलरची बाधा ओळखायला सोपी: दिवसा असते, सूर्य मावळला की जाते. पॅनेलच्या दोन वायरी छतावर एकमेकींपासून दूर पसरलेल्या असतील तर तो एक मोठा फास बनतो आणि कंट्रोलरचा आवाज बाहेर फेकतो. त्या जवळ आणा आणि दर १० सेंटीमीटरला एक असा पीळ द्या. मग कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना, पॅनेलकडे आणि बॅटरीकडे, ३१च्या रिंगवर आठ-आठ वेढे. वायरी सोडवताना आधी पॅनेल सोडवा, मग बॅटरी. जोडताना उलट.

पाण्याचा पंप आणि छताचा पंखा यांच्या मोटरीत ब्रश असतील तर ठिणग्यांची कर्कश खरखर येते. मोटरच्या दोन टोकांमध्ये एक आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंत एकेक, असे ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर लावा. पंप थोडाच वेळ चालतो, म्हणून पुष्कळांना ही मेहनत नको वाटते, आणि ते ठीकच आहे.

यूएसबी चार्जर आणि लॅपटॉपचे अडॅप्टर: काढून पाहा. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये कायम खोचलेला चार्जर फोन नसतानाही आवाज करत राहतो. भिंतीत बसवलेल्या रेडिओच्या शेजारीच असे सॉकेट दिलेले असते, ही ट्रेलर बनवणाऱ्यांची फार वाईट सवय आहे.

शेवटी रेडिओची स्वतःची वीज. दिव्यांच्या सर्किटवरून दिलेली असेल तर ती तोडा आणि बॅटरीपासून वेगळी, पीळ दिलेली जोडवायर आणा, बॅटरीजवळच्या टोकाला फ्यूजसह. फ्यूज रेडिओच्या मागे लिहिलेल्या आकड्याचाच हवा.

मीडियम वेव्हसाठी बाहेरची चौकट

पत्र्याच्या ट्रेलरमध्ये छोट्या रेडिओवर मीडियम वेव्ह ऐकणाऱ्यांनी ही चौकट एकदा करून पाहावी. खर्च थोडा आणि फरक मोठा. लाकूड किंवा पीव्हीसी पाइपची ६० सेंटीमीटर बाजूची चौकट करा. धातूची नको. तिच्यावर आवरण असलेल्या बारीक तारेचे १२ वेढे, वेढ्यांमध्ये ५ मिलिमीटर अंतर ठेवून, गुंडाळा. ३० मीटर तार पुरते. दोन्ही टोके ३६५ पिकोफॅरडच्या फिरत्या कपॅसिटरला जोडा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला, ५५० किलोहर्ट्झच्या आसपास, चौकट पोहोचत नसेल तर एक वेढा वाढवा. वरच्या टोकाला पोहोचत नसेल तर एक कमी करा.

त्याच चौकटीवर तेराव्या जागी एक सुटा वेढा द्या, आधीच्या तारेला न जोडता. त्याची दोन टोके पीळ देऊन खिडकीतून आत आणा आणि आतल्या रेडिओच्या अंगाभोवती ५-६ वेढ्यांत गुंडाळून बंद करा. वेढे रेडिओच्या फेराइट दांड्याभोवती यायला हवेत. तो सहसा वरच्या कडेला, रेडिओच्या लांबीला समांतर असतो. रेडिओवर स्टेशन लावा, मग बाहेरचा कपॅसिटर हळूहळू फिरवा. एका अगदी अरुंद जागी स्टेशन एकदम उसळून वर येते. ती जागा गेली की पुन्हा काहीच नाही, म्हणून घाई करू नका. स्टेशन बदलले की कपॅसिटरही पुन्हा फिरवावा लागतो.

चौकट तिच्या कडेच्या दिशेने सर्वांत चांगले ऐकते आणि तिच्या तोंडाच्या दिशेने बहिरी असते. तोंड ट्रेलरकडे फिरवले तर ट्रेलरची खरखर गळून पडते, स्टेशन तिरप्या दिशेला असले तरी टिकते. म्हणून तिला ट्रेलरपासून ३-४ मीटर दूर, सावकाश फिरवत जागा शोधा. रात्री वातावरणाचा खालचा आयनांचा थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची स्टेशने वरून परावर्तित होऊन येतात. एकाच जागी दोन स्टेशने मिसळली तर चौकट फिरवून नको असलेले दाबता येते.

टीव्हीचा अँटेना आणि बूस्टर

काही ट्रेलरमध्ये रेडिओला वेगळा अँटेना नसतोच, टीव्हीच्या छतावरच्या अँटेनातून फाटा दिलेला असतो. भिंतीवरच्या ॲम्प्लिफायरचे छोटे बटण आणि त्याचा दिवा पाहा. तो बंद असेल तर रेडिओला जवळपास काहीच मिळत नाही. तो चालू असूनही एफएम क्षीणच राहिला तर ॲम्प्लिफायरमध्ये एफएम गाळणारा फिल्टर असू शकतो, टीव्हीसाठी तो मुद्दाम घातलेला असतो. तिथे वेगळा अँटेना हाच मार्ग.

इतके सगळे करून, खरखर घालवून, अर्थिंग नीट करूनही दूरचे एफएम स्टेशन हवे असेल तर बूस्टर लावा. तो अँटेनाच्या बुडाशी, रेडिओच्या मागे नाही. केबलमध्ये शिरलेला कचरा वाढवण्याआधी स्वच्छ सिग्नल वाढवायचा. जवळ मोठे प्रक्षेपण केंद्र असेल तर बूस्टर भरून जातो, एकच स्टेशन तीन-चार ठिकाणी लागते आणि कमजोर स्टेशने गायब होतात. असे झाले की बूस्टर बंद करा. म्हणून त्याच्या १२ व्होल्टच्या वायरीवर स्विच आधीच ठेवा.

डिजिटल डीएबी रेडिओ असेल तर त्याचा पट्टा १७४ ते २४० मेगाहर्ट्झ आहे आणि दांडा सुमारे ३५ सेंटीमीटरचा लागतो. एफएमचा ७५ सेंटीमीटरचा दांडा तिथे लहरीच्या अर्ध्या लांबीचा होतो, केबलशी जुळत नाही आणि अपेक्षेपेक्षा फार कमी देतो. डिजिटलमध्ये सळसळ ऐकू येत नाही, आवाज तुटत तुटत एकदम बंद होतो. खरखर शोधायची वर दिलेली पद्धत तिथेही तशीच चालते, फक्त कानाऐवजी रेडिओवरच्या सिग्नलच्या पट्टीकडे पाहायचे.

लांबच्या प्रवासाआधी आणि पावसाळ्यानंतर अँटेनाचे बूड उघडून पाहा. वरचे आवरण कापल्यावर जाळी तांबूस किंवा चंदेरी न दिसता काळी किंवा हिरवी दिसली तर पाणी आत गेले आहे. ते टोक १५-२० सेंटीमीटर कापून खाली स्वच्छ धातू येतो का पाहा. आला तर नवा प्लग लावा. नाही आला तर पूर्ण केबल बदला. भिजलेली केबल वाळवून ठीक होत नाही, पाणी जाळीतून केशिकेसारखे वर चढत पुढे गेलेले असते. नव्या जोडावर रबर टेप ताणून, खालून वर, अर्धी अर्धी चढवत गुंडाळा, आणि तिच्यावर उन्हाला टिकणाऱ्या साध्या टेपचा एक थर द्या. वादळ येत असेल तर दांडा आधीच खाली करा आणि केबल रेडिओपासून सोडवा. उंच खांब उभारला असेल तर तो विजेच्या तारांच्या आवाक्यात कोसळू शकेल अशा जागी कधीच उभारू नका.